भाकरी कुठून आली, ते आधी बघ

अगं, तुझा रात्रीचा तो लांबलचक निरोप सकाळी गाडी वाटूर फाट्यावर थांबली तेव्हा ऐकला, आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा ऐकला. हॉस्टेलच्या खोलीत तुम्हा चौघींचं कडाक्याचं भांडण झालं, तेही ‘हंगर गेम्स’च्या तिसऱ्या भागावरून! सीईटीचा अभ्यास सोडून कादंबऱ्या वाचते म्हणून काकू रागावली तर मी बघून घेईन तिचं. पण तू म्हणालीस ना, “ताई, सगळ्या म्हणतात माझं चुकतंय, मग माझंच चुकत असेल,” ते मात्र मला मुळीच आवडलं नाही. पुस्तकावरचं मत काही ग्रामसभेत हात वर करून ठरत नसतं. तिघी एकीकडे असल्या म्हणून चौथी खोटी पडत नाही. आज जरा निवांत आहे, तर त्यातली काही मतं एकेक करून घेऊ या.

आधी तुझ्या त्या मैत्रिणीचं, जिचे वडील फौजेत आहेत. तिनं दुसरा भाग अर्ध्यावर मिटून ठेवला आणि “मला नाही वाचायचं हे” एवढंच म्हणाली. तुम्ही तिला भित्री म्हणालात. अगं, तिचं मत तुम्हा सगळ्यांत वजनदार आहे. तुमच्यासाठी युद्ध म्हणजे पानावरची गोष्ट. तिच्यासाठी ते रात्री न लागणारा फोन आहे. ज्या पुस्तकानं तिला मिटून ठेवायला लावलं, त्यात काहीतरी खरं आहे म्हणूनच तिनं ते मिटलं. हे पुस्तक लिहिणाऱ्या सुझान कॉलिन्सचे वडील अमेरिकेच्या हवाई दलात होते. ती सहा वर्षांची असताना ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले. बापाची वाट बघणाऱ्या पोरीनंच मोठेपणी हे लिहिलंय. तुझ्या मैत्रिणीला एवढंच सांग, आणि वाचायचा आग्रह करू नकोस. तिला वाटलं तर ती वाचील, नाहीतर नाही.

आता दुसरी, जिला फक्त नायिका कॅटनिसचं पीटाशी जुळावं की गेलशी, एवढ्यातच रस आहे. तिला तुम्ही हसलात. वर्गातली मुलंही म्हणाली म्हणे, की ही पोरींची प्रेमाची पुस्तकं आहेत. त्या मुलांनी वाचलंच नाहीये, हे मी इथे मंठ्यात बसून सांगते. पीटा की गेल हा प्रश्न प्रेमाचा आहेच, पण त्याच्या पोटात युद्धाचा प्रश्न दडलाय. तिसऱ्या भागात गेल काय तयार करतो आठव. आधी एक स्फोट, मग थोडा वेळ जाऊ द्यायचा, जखमींना उचलायला माणसं धावली की दुसरा स्फोट. कॅटनिस त्याला तिथेच विचारते की याला काही मर्यादा आहे की नाही. शेवटी तसल्याच बॉम्बमध्ये तिची धाकटी बहीण प्रिम जाते, तीही जखमी लेकरांना औषधपाणी करायला धावलेली असताना. तो बॉम्ब गेलचाच होता का, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. मग कॅटनिस कुणाबरोबर राहते, हा काय नुसता प्रेमाचा हिशेब राहिला का? लहानपणापासून सोबत शिकार केलेला, जिवाला जीव देणारा मित्र युद्धानं कुठवर नेला, हे तिला दिसलंय. त्याच्याशेजारी तिला आता झोप लागणार नाही. तुझ्या मैत्रिणीनं नेमका प्रश्न पकडलाय, फक्त तो वरवरचा समजून सोडून देऊ नको म्हणावं.

आणि आता तुझं. तू म्हणतेस शेवट बिघडवला, कॅटनिस मोडून पडते, एवढं सगळं जिंकून ती आनंदी का नाही. तुझ्या या मताशी मी भांडणार आहे, पण आधी एक मागची गोष्ट बघू या.

युद्धातून जीव वाचवणाऱ्या मुलांची कुठलीही गोष्ट हातात घेतलीस ना, की मी पहिल्यांदा एकच बघते, या पोरांची भाकरी कुठून आली. लेखक तिथे लगेच उघडा पडतो. धनुष्यबाण, पाठलाग, स्फोट हे कुणालाही लिहिता येतं. दोन दिवसांची भूक लिहायला माणूस तयारीचा लागतो. कॉलिन्स तिथे पक्की आहे. बाप कोळशाच्या खाणीत गेला, आई अंथरूण धरून बसली, अकरा वर्षांची पोर बेकरीच्या मागे पावसात पडलीय, आणि तो पीटा आईचा मार खाऊन करपलेला पाव तिच्याकडे फेकतो. पुढचं सगळं त्या पावातून उगवतं. शिवाय ते धान्याचं गणित बघ. वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल हवं असेल तर पोरांना मरणाच्या खेळात धाडणाऱ्या त्या सोडतीत आपल्या नावाची आणखी एक चिठ्ठी टाकायची. घरात जेवढी तोंडं, तेवढ्या वेळा. त्या चिठ्ठ्या साठतच जातात. कॅटनिसच्या नावाच्या 20, गेलच्या 42. गरिबाघरचं पोर मरणाच्या जास्त जवळ असतं, हे तिनं एकाही भाषणाशिवाय सांगून टाकलं. आपल्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुली माझ्याकडे वाचायला येतात. त्यांना हे चिठ्ठ्यांचं गणित समजावून सांगावं लागलं नाही. एकीनं एवढंच म्हटलं, “ताई, उचल घेतल्यासारखंच झालं की हे.” या मालिकेवरचं इतकं नेमकं मत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

आता दुसरी मालिका. तुला मी मागं सांगितली होती ती, जॉन मार्सडेनची. ऑस्ट्रेलियातला शिक्षक होता तो, पोरांमध्ये आयुष्य काढलेला. त्यानं 1993 ते 1999 या काळात सात पुस्तकं लिहिली. खेड्यातली सात मुलं-मुली डोंगरात मुक्कामाला जातात आणि परत येतात तो देशावर दुसऱ्याच कुणीतरी कब्जा केलेला. गावातली सगळी माणसं जत्रेच्या मैदानात कोंडलेली. सांगणारी एली शेतकऱ्याची पोरगी आहे, ट्रॅक्टर-गाडी सगळं चालवणारी. पहिल्या पुस्तकाची गोष्ट मी इथल्या मुलींना रोज संध्याकाळी थोडी थोडी मराठीत सांगत गेले, वरच्या गच्चीवर बसून.

त्यांचं लक्ष कुठे गेलं माहितीये? एली घरी येते तेव्हा तिची कुत्री मेलेली असतात. माणसं नेली, कुत्री तशीच राहिली, पाण्यावाचून गेली. तिथे सगळ्या गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, “बैलांचं काय झालं? दावणीला होते का सोडलेले?” ऑस्ट्रेलियात शेतीला बैल जुंपत नाहीत गं म्हणून सांगितलं, पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. घर सोडून पळायची वेळ आली तर आधी दावं सोडायचं, हे शेतकऱ्याच्या पोरीलाच सुचणार. पुढे एली गवत कापायच्या यंत्राचा स्फोट करून शिपायांना मारते आणि नंतर ते तिच्या मनातून जात नाही. मुलींना तेही पटलं. मारल्यावर पोट भरून जेवणारी नायिका असती तर आम्ही पुस्तक सोडलं असतं, असं त्या म्हणाल्या.

भांडण झालं ते शत्रूवरून. मार्सडेन सातही पुस्तकांत शत्रू कोण, कुठल्या देशाचा, हे सांगत नाही. एक मुलगी म्हणाली, लेखक घाबरला. दुसरी म्हणाली, बरं केलं, नाव घेतलं असतं तर आपण त्या देशातल्या सगळ्यांचा राग करत बसलो असतो. दोघींचंही मला अर्धं अर्धं पटतं. पण माझं मत विचारशील तर ही त्या मालिकेतली सगळ्यात कच्ची बाजू आहे. नाव नाही, चेहरा नाही, नुसती बाहेरून आलेली टोळी. असा शत्रू मारायला सोपा जातो. आणि मंठ्यात वाढलेल्या माणसाला तर हे फारच खटकतं, कारण निजामाविरुद्धच्या इथल्या लढाईत दोन्ही बाजूंना नावं होती, चेहरे होते, आणि कित्येकदा भिंतीला भिंत लागून घरं होती.

तुला शाळेतलं 17 सप्टेंबरचं झेंडावंदन आठवतं. सकाळी लवकर उठायचं म्हणून तू कुरकुरायचीस. त्या लढाईच्या वेळी जालना जिल्हा नव्हता, तो 1981 साली झाला. आपलं मंठा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होतं. 15 ऑगस्ट 1947 ला देश मोकळा झाला आणि आपण तेरा महिने तसेच राहिलो. कासिम रझवी हा लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांचा जोर वाढला. सरहद्दीजवळच्या गावांतली किती घरं रातोरात वऱ्हाडात गेली. पूर्णा ओलांडली की लोणार, मेहकर, तिकडे निजामाचं राज्य नव्हतं. आपली आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिनं मला सांगितलेलं असं, की बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडायला वेळ नव्हता म्हणून त्यांत चिंध्या कोंबल्या. ज्वारीचं पीठ गोणीत घेतलं आणि मीठ विसरलं. चार दिवस अळणी भाकरी. आजही ती मिठाचा डबा स्वतः भरते, सुनेला भरू देत नाही, हे तू पाहिलंच आहेस.

याच जिल्ह्यात, बदनापूरजवळच्या धोपटेश्वरात, दगडाबाई शेळके होत्या. घोड्यावर बसायच्या, शस्त्रं पोचवायच्या, रझाकारांशी समोरासमोर लढल्या. कॅटनिस आवडते ना तुला? मग ही बाई तुला माहीत असलीच पाहिजे. तुमच्या वयाच्या पोरींसाठी हिच्यावर चांगली तीन-चार भागांची मालिका यावी, अशी माझी फार इच्छा आहे. त्यात ती रागावलेली, दमलेली, घाबरलेली दिसावी. नुसता पुतळा नको.

पण त्या मालिकेचा शेवटचा भाग लिहिणाऱ्याला सोपा जाणार नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज शिरली, 17 ला निजाम शरण आला. शाळेत गोष्ट इथेच संपवतात. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात आणि संस्थानाच्या इतर भागांत ज्यांचा रझाकारीशी काही संबंध नव्हता अशी कितीतरी मुसलमान माणसं मारली गेली. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं कमीत कमी 27 ते 40 हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडला बसली. तो पूर्ण अहवाल 2013 पर्यंत लोकांसमोर आला नव्हता. आजीची माणसं वऱ्हाडातून परत आली तेव्हा बांगड्या भरणाऱ्या बाईचं घर उघडं पडलेलं. ती आणि तिच्या दोन मुली आजीच्या चुलत्याच्या बळदात लपून होत्या. त्या बाईच्या घरातून कधी काळी रझाकारांना शिधा गेला होता, हेही गावाला ठाऊक होतं. चुलत्यानं तरीही त्यांना बाहेर काढून दिलं नाही. आजी हे सांगते तेव्हा आवाज चढवत नाही, कुणाला चांगलं-वाईट म्हणत नाही. त्या मुलींना वरून भाकरी सोडताना दोरीला फडकं कसं बांधायचे, तेवढंच सांगते.

आता तुझ्या शेवटाकडे ये. कॅटनिस जिंकली तरी आनंदी का नाही, म्हणतेस. बाई गं, आपल्या आजीला एवढ्या वर्षांनी अजून मिठाचा डबा कुणाच्या हाती द्यावासा वाटत नाही. युद्ध संपल्यावर नायिका उड्या मारत घरी गेली असती, तर मी ते पुस्तक तुला दिलंच नसतं. कॉलिन्सनं तिला वर्षं दिली, लेकरं दिली, आणि तरी वाईट स्वप्नं काढून घेतली नाहीत. जगलेल्या माणसाला हाच शेवट खरा वाटतो. तुला आत्ता तो लेखिकेचा दुष्टपणा वाटतो, कारण प्रिम तुझ्याहूनही लहान, आणि तू त्या पोरीवर जीव लावून बसलीस. रडलीस त्यात काही वाईट नाही. फक्त “मला दुःख झालं” आणि “पुस्तक वाईट आहे” ही दोन वेगळी वाक्यं आहेत, ती एकात एक मिसळू नकोस.

गंमत नाही, एक खरीच गोष्ट सांगते. तुम्ही चौघी एवढं भांडलात, पण सगळ्यात मोठी चूक आजीनं काढली. मी तिला कॅटनिसची गोष्ट सांगत होते, जंगलात किती दिवस, पाणी कसं मिळालं, झाडावर कशी झोपली. आजी मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, “आणि बाहेर बसायची पाळी आली म्हणजे? त्या पोरीनं काय केलं?” मी गप्पच झाले. आख्ख्या मालिकेत त्याचा उल्लेख नाही गं. सोळा वर्षांची पोरगी, इतके महिने, आणि काही नाही. आजीला स्वतःला पहिल्यांदा पाळी आली ती वऱ्हाडात, परक्याच्या गोठ्यात, आईजवळ नेसूचं एकच लुगडं जास्तीचं होतं. “त्याचे दोन तुकडे केले आईनं,” ती म्हणाली, “आणि पुढं दिवाळीपर्यंत ती एकाच लुगड्यावर राहिली.” आता मला सांग, युद्धाची गोष्ट लिहिणाऱ्यानं हे वगळायचं? भाकरीच्या बाबतीत एवढी पक्की असलेली लेखिका इथे कमी पडली, असं मी बिनदिक्कत म्हणते.

म्हणूनच पुढचं वाचशील तर अ‍ॅन फ्रँकची डायरी वाच, मराठीत मिळते. ती कादंबरी नाही, पण तुझ्याहून थोड्या लहान पोरीनं लिहिलेली आहे. 1942 च्या जुलैपासून 1944 च्या ऑगस्टपर्यंत अ‍ॅमस्टरडॅमच्या एका इमारतीच्या मागच्या भागात ती आठ माणसांत लपून राहिली. बटाटे, सडका कोबी, संडास वापरायच्या वेळा, आईचा राग, पाळीची वाट बघणं, सगळं तिनं लिहिलंय. बापानं 1947 मध्ये ती छापली तेव्हा त्यातला काही भाग गाळला होता, नंतरच्या आवृत्त्यांत तो परत आला. म्हणून नवी आवृत्ती घे. आणखी एक सांगते, रेडिओवर डच मंत्र्यानं लोकांना युद्धातल्या डायऱ्या जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा या पोरीनं आपलं लिहिलेलं सगळं पुन्हा नीट लिहायला घेतलं. पंधरावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. जीव मुठीत धरून बसलेली असताना तिला वाक्य चांगलं व्हायला हवं होतं. मला त्या मुलीचं हे फार मोठं वाटतं.

बाकी आपला बन्या आहेच. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे, सायकलवरून सगळीकडे पोचणारा, चीनच्या लढाईच्या दिवसांत सरहद्दीपर्यंत गेलेला. तो मला आजही जिवाभावाचा आहे. लहान भावाला तू आत्ता तोच दे. दहा वर्षांच्या मुलाला आधी धीर मिळाला पाहिजे, आपल्यासारखा किडकिडीत पोरगाही काही करू शकतो हे कळलं पाहिजे. चिठ्ठ्यांचं गणित आणि दुसरा स्फोट त्याला सहा वर्षांनी वाचू दे. हे मी त्या पुस्तकाला कमी लेखून म्हणत नाही. वयाचं वयाला.

आता तुझ्या मैत्रिणींशी बोलताना एवढं कर. “बकवास आहे”, “भारी आहे” यावर थांबू नकोस. कुठल्या प्रसंगात तुझं मन उडालं ते सांग. पान दाखव. समोरची बोलत असताना मोबाइल बाजूला ठेव. आणि तिघींनी एका सुरात काही म्हटलं तरी तुला पटलं नसेल तर तसं म्हण. रडू आलं तर रडत म्हण, पण म्हण. पुढे पुस्तकापेक्षा मोठ्या गोष्टींवर तुला चारचौघांत एकटीनं बोलावं लागणार आहे. लग्नाच्या बैठकीत, नोकरीत, कुठेही. घसा आत्तापासून मोकळा असू दे.

एका बाबतीत आपलं दोघींचं अजून जुळलेलं नाही, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. कॅटनिस बाण सोडते तो जुन्या जुलमी स्नोवर न सोडता बंडाची पुढारी असलेल्या कॉइनवर. तू म्हणतेस ती चुकली, आपल्याच बाजूच्या बाईला मारलं. मी म्हणते ती बरोबर होती. कॉइननं राजधानीतल्या लेकरांचे तसलेच मरणाचे खेळ भरवायची भाषा केली, त्या क्षणी ती आपल्या बाजूची राहिलीच नव्हती. तुझ्या बाजूनं बोलायला जागा आहे, मला ती दिसते. त्या बैठकीत कॅटनिसनं स्वतः त्या खेळांना होकार दिला होता, पीटानं नाही दिला. तिथून सुरुवात कर आणि एक पानभर लिहून पाठव. रविवारी मुली गच्चीवर जमतील तेव्हा मी ते तुझ्या नावानं वाचून दाखवीन, आणि त्या तुझ्यावर तुटून पडल्या तर ते सगळं तुला जसंच्या तसं कळवीन.